विमलताईंच्या कार्डांचं जागरण

लातूरला निघालेय म्हटल्यावर नाशकात जो भेटेल तो एकच विचारायचा, "कुणाची ॲडमिशन?" माझी लेक अठ्ठावीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. तरी शेजारच्या काकूंनी विचारलंच, "अजून डॉक्टर करायचीय का तिला?" आमची आई तेवढी वेगळी. ती म्हणाली, "लातूर? तिकडे भूकंप झाला होता ना गं? घर नीट बघून उतर हो." बाहेरच्या जगाला या गावाच्या दोनच गोष्टी ठाऊक, आणि मी चालले होते तिसऱ्याच कामाला.

माझं काम सांगायला लागले की माणसं जांभया देतात, म्हणून थोडक्यात आटपते. एखादी वस्तू तयार होताना तिच्यापायी हवेत किती कार्बन गेला, याचा मी अंदाज काढते. त्यातही माझा हातखंडा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांचा. दिसायला तळहाताएवढी हिरवी पाटी, पण तिच्यात खाणीतून काढलेलं तांबं असतं, काचेच्या धाग्यांचा पत्रा असतो, कथील असतं, समुद्रापलीकडून आलेल्या चिपा असतात. या प्रत्येकासाठी कुठे ना कुठे कोळसा जळलेला असतो. त्या सगळ्याचा माग काढत जायचं आणि शेवटी एका चौकटीत एक आकडा लिहायचा. बावीस वर्षांत माझा आकडा कुणी खोडलेला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला ताठा होता.

लातुरात विमलताई नावाच्या बाईंचा छोटा कारखाना आहे. अकरा बायका तिथे इन्व्हर्टरच्या आत बसणारे बोर्ड जुळवतात. तिकडे त्यांना 'कार्ड' म्हणतात. क्लासेस आणि लोडशेडिंग या दोन्ही गोष्टी लातुरात एकदमच वाढल्या. गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आणि प्रत्येक अभ्यासिकेला इन्व्हर्टर लागला. त्यावर हा कारखाना उभा राहिला. मग बाहेरून स्वस्त कार्डं आली आणि गिऱ्हाईक फुटलं. आता पुण्याच्या एका कंपनीला विमलताईंची कार्डं पसंत पडली होती, तीन वर्षांचं काम द्यायला ती तयार होती. अट एकच: एका कार्डामागचा कार्बन ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत हवा. तो मोजायला मला पाठवलं होतं. विमलताईंनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, "ताई, संक्रांतीच्या आत कळलं पाहिजे. त्याच्यापुढं बायांना बसवून ठेवता येत न्हाई मला. कुलूप लावावं लागंल."

लातूर

एकही लॉज रिकामं नव्हतं. क्लासेसची पालकसभा होती आणि अख्ख्या मराठवाड्यातले आईबाप डबे आणि गाद्या घेऊन उतरले होते. शेवटी विमलताईंनी मला कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर, त्यांच्या जाऊबाई चालवतात त्या मुलींच्या होस्टेलात खोली दिली. चाळीस मुली, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. जिन्यात वाचतात, रांगेत वाचतात, केस विंचरताना आरशाला सूत्रांचा कागद चिकटवून वाचतात. आमच्या वेळी बारावीला आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, फिरायला जायचो, हे त्यांना सांगितलं तर एकीने माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

पौषाची थंडी. सकाळी तोटी सोडली तर पाणी असं की हाडं वाजावीत. बाहेर मुलींचा कालवा चाललेला. मुखेडची स्नेहल नावाची एक टपोऱ्या डोळ्यांची मुलगी बादली आपटून म्हणाली, "कालपर्यंत कढत येत होतं हो काकू! आजच काय झालं?" जाऊबाई खालूनच ओरडल्या, "बिघडलंय! चार दिस गारच घ्या!" मी देवाचं नाव घेतलं आणि दोन तांबे ओतून घेतले. त्यानंतर मात्र खायला सुशीला आलं आणि माझा राग पळाला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांद्यामिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. आमच्या नाशकात चुरमुरे म्हणजे भत्ता, कुरकुरीतच हवे. ते मुद्दाम भिजवायचे ही कल्पनाच मला सोसेना, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

कारखान्याच्या दारात रांगोळी होती. विमलताई चाळिशीच्या, उंच, हाताची बोटं लांब आणि कथिलाच्या चटक्यांनी ठिपकलेली. बायका ओळीने बसलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर कोऱ्या टोप्या, टेबलांवर कोरं कापड. प्रत्येक बाई आपलं कार्ड झालं की कोपऱ्यात आपल्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका देते. "कार्ड बिघडून परत आलं तर कुणाच्या हातचं ते कळाया पाहिजे की," विमलताई म्हणाल्या.

मी वजनकाटा मांडला. एक कार्ड सुटं करून तांबं किती, कथील किती, चिपा किती, कुठून कशा आल्या, सगळं लिहून घेतलं. दुपारपर्यंत आकडा झकास चालला होता. मग त्यांनी मला मागची खोली दाखवली.

खोलीत भिंतभर दोनशे-दोनशे वॉटचे बल्ब रांगेने जळत होते. डोळे दिपले माझे. प्रत्येक नवं कार्ड इथे इन्व्हर्टरला जोडून चोवीस तास पूर्ण भारावर चालवतात, म्हणजे त्याच्यावर हे बल्ब जळत ठेवतात. याला सगळ्या बायका 'जागरण' म्हणतात. नव्या खेपेच्या पहिल्या कार्डाला हळदकुंकू लावून लिंबूही उतरवतात.

"चोवीस तास?" मी म्हटलं. "इतर ठिकाणी दोन तासांत उरकतात."

"उरकत असतील. ज्या पोरीला जागून अभ्यास करायचाय, तिच्या घरी झोपाळू कार्ड देऊन कसं चालंल? खोडी असलेलं कार्ड दोन तासांत तोंड उघडत न्हाई, ताई. बारा-चौदा तासांनी उघडतं."

मी विजेचं मीटर लावलं, संध्याकाळपर्यंत आकडे घेतले आणि कपाळाला हात लावला. कार्ड बनवताना जेवढा कार्बन जातो, त्याहून जास्त त्याच्या जागरणात जात होता. एकूण आकडा मर्यादेच्या दीडपट. मी तो विमलताईंपुढे ठेवला. हातातलं कार्ड त्यांनी तेवढं अलगद खाली ठेवलं.

"जागरण चार तासांवर आणा," मी म्हटलं, "मी परत मोजते. आत बसेल."

"ते न्हाई व्हायचं."

"अहो, काम जाईल!"

"हाव. जाईल." आणि मग हळूच, "पर जागरण न केलेलं कार्ड माझ्या दारातनं कसं काढू?"

मला रागच आला. मनात म्हटलं, हट्टी आहे बाई, बुडेल आणि अकरा जणींना घेऊन बुडेल. त्या रागाखाली वाईटही वाटत होतं, ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

जळकोटच्या वाटेवर

कार्ड किती वर्षं टिकतं हे डोळ्यांनी पाहून नोंदवायचं, असा आमच्या कामाचा नियम. म्हणून विमलताईंनी दोन पत्ते दिले, जळकोटच्या एका मास्तरांचा आणि नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याचा. उदगीर सोडलं आणि थोड्या वेळात एसटीचं टायर बसलं. नाशकात असतो तर सगळ्यांनी उतरून एसटीच्या नावाने बोटं मोडली असती. इथे शेजारच्या शेतातून एक म्हातारा हाका मारत बांधावर आला. "अरं, उन्हात काय उभारलाव? हुरडा भाजून राहिलो, या की!" अख्खी बस गेली. कंडक्टरसुद्धा गेला! शेणीच्या आरात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, ज्वारीची कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, लसणाची चटणी. म्हाताऱ्याने माझ्या पिशवीतला काटा पाहिला आणि विचारलं, "सोनं घेता काय बाई?" मी माझं काम समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे धुराचं वजन करता. मंग आमच्या ह्या आराचं बी करा." करणार होते खरी, पण तोंडात हुरडा होता.

जळकोटच्या मास्तरांच्या माजघरात इन्व्हर्टर होता. त्यांच्या दोन्ही मुली त्याच्या उजेडात शिकून नर्स झाल्या. मास्तरांनी स्वतः झाकण उघडून दाखवलं. आत कार्ड, कोपऱ्यात जांभळा ठिपका. किती वर्षं झाली? मास्तरीणबाईंनी हिशोब मुलींवरून लावला. "थोरली सातवीत होती तवाचं. आता तिला लेकरू झालं." एवढ्या काळात बॅटरी तीनदा बदलली होती, कार्ड एकदाही नाही. मी वहीत लिहिलं आणि माझ्या मनाची चुळबुळ सुरू झाली. असं टिकणारं कार्ड असेल तर दरवर्षी वाटणीला येणारा कार्बन किती थोडा! पण कंपनीच्या फॉर्मात तेवढी चौकटच नव्हती. 'प्रति नग', बस.

नांदेड

नांदेडला उतरले आणि रात्रीच्या झोपेनंतर सकाळी नऊला, कर्तव्यदक्ष बाई ना मी, आमच्या ऑफिसातल्या साहेबांना आकडा पाठवून दिला. मर्यादेच्या बाहेर. खाली माझी सही. गोदावरीच्या घाटावर जाऊन पाय सोडून बसले. आमचीच नदी, आमच्याकडून निघून इथवर आलेली, पण इथे केवढी रुंद आणि शांत झालेली. इतर वेळी मला केवढं कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी अकरा टोप्याच डोळ्यांपुढे येत होत्या.

दुरुस्तीवाले खलीलभाई सत्तरीचे, मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला भिंगाचा चष्मा. दुकान एवढंसं, पण भिंतीवर मेलेली कार्डं खिळ्यांना टांगलेली, शेकड्यांनी. मी विचारलं, यात विमलताईंची किती? त्यांनी बराच वेळ शोधून दोन काढली. "एक पे बिजली गिरी," ते म्हणाले, "दुसऱ्यात उंदीर मुतला. कार्डाचा कसूर न्हाई. बाकी सगळी बाहेरची, सालभरात आलेली. विमलबाईचा माल लई पक्का हाय, मॅडम."

"पक्का आहे हो, पण तेवढाच महाग पडतो हवेला," मी सुस्कारा टाकला. "चोवीस तास बल्ब जाळतात. फुकट."

खलीलभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "बल्ब? कायचे बल्ब?"

"जागरणाचे. भिंतभर आहेत."

"विमलबाईकडं?" ते हसायलाच लागले. "अहो मी धा साल जाऊन राहिलो तिच्या कारखान्यात. बल्ब एक न्हाई तिथं. पाण्याच्या टाकीत रॉड सोडल्यात तिनं. कार्डाचं जागरण बी होतं आन वरच्या पोरींचं आंघोळीचं पाणी बी तापतं. पूर्वी तिची जाऊ त्या पाण्यासाठी येगळी वीज जाळायची. किती अकलमंद बाई! तुमास्नी सांगितलं न्हाई?"

मी तशीच स्टुलावर बसले. सगळं डोक्यात उलगडत गेलं. त्या कोऱ्या टोप्या, कोरं कापड, आणि हो, ते बल्बही कोरे करकरीत होते, एकावर धुळीचा कण नव्हता. आणि मी बावीस वर्षांची अनुभवी बाई, गार पाण्याने कुडकुडत आंघोळ करून खाली गेले आणि मला एक प्रश्न पडला नाही! पाणी तापवायला जी वीज नाहीतरी जळणारच होती, ती कार्डाच्या माथी मारताच येत नाही. माझा आकडा चुकीचा होता. साफ चुकीचा. आणि तो माझ्या सहीने जाऊन बसला होता.

खलीलभाईंनी चहा मागवला होता. तो न घेताच मी उठले, तर म्हणाले, "पिऊन जा. घाईत हिशोब बिघडतो." प्यायले मुकाट्याने.

पुन्हा लातूर

दुपार कलताना कारखान्यात शिरले ती भांडायलाच. "विमलताई, रॉड कुठेत?"

सगळ्या बायकांच्या माना खाली. शेवटी जाऊबाई उठल्या आणि माळ्यावरून एक पोतं ओढून काढलं. आत पाण्याच्या क्षाराने पांढरे झालेले रॉड, वर्षानुवर्षं वापरलेले. बल्ब आणि होल्डर म्हणे भाड्याने आणले होते, मांडववाल्याकडून! मला हसू फुटलं, आणि हसता हसता असा संताप आला की सांगता सोय नाही.

"अहो, का पण? माझ्यापासून लपवण्यासारखं काय होतं त्यात?"

"ते... बरं दिसत न्हाई ना," एक बाई पुटपुटली. "कंपनीची माणसं येणार. कारखान्यात आंघोळीचं पाणी म्हंजे..." विमलताई मात्र पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला लागल्या.

"उद्या पहाटे सगळं जसं नेहमी असतं तसं पाहिजे मला," मी म्हटलं. "रांगोळी नको, टोप्या नकोत, झाडू नका. जसं आहे तसं."

दुसऱ्या दिवशी टाकीत रॉड पडले. टाकी वरून बंद, बाहेर तोटी, अर्थिंग मी स्वतः तपासलं. थर्मामीटर घेऊन दर तासाला उभी राहिले. पाणी किती, किती तापलं, किती उष्णता भिंतीत वाया गेली, सगळं दोन दिवस मोजलं. वर स्नेहलने पहिली कढत बादली भरली तेव्हा जिन्यात जो आरडाओरडा झाला, तो ऐकून खालच्या बायका टोप्यांशिवाय, मोकळ्या हसल्या. जेवायला त्या दिवशी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि भाकरी होती, आणि मी हात चाटून खाल्ली.

आकडा आला. मर्यादेच्या आत, थोडासाच, पण आत.

मग साहेबांना फोन लावला. आधी पाठवलेला आकडा चुकला, तो मागे घेते, हे वाक्य मी आयुष्यात प्रथम उच्चारलं. साहेब म्हणाले, "तुम्ही? चुकलात?" मी म्हटलं, "हो, मी. जे दाखवलं ते पाहून आले, नेहमी काय चालतं ते विचारलं नाही." त्यांनी सगळी मापं मागवली, उलटसुलट तपासली, कंपनीला पाठवली. निघायच्या दिवशी दुपारी निरोप आला. काम मिळालं होतं. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, जाऊबाई तर रडायलाच लागल्या. मीही डोळे पुसले, खोटं का सांगू.

विमलताई तेवढ्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले. म्हटलं, "आता तरी सांगा. एवढी हुशार व्यवस्था, आणि तुम्ही ती पोत्यात भरून ठेवलीत. अकरा जणींचं काम जाणार होतं हो. आणि आकडा ऐकल्यावरही गप्प राहिलात!"

त्यांनी बोटांवरचे चट्टे चोळले.

"भूकंपाच्या साली मी नववीत होते," त्या म्हणाल्या. "आमचं गाव किल्लारीपास्नं लांब. आमच्यात माणसं न्हाई मेली, पर घर आतनं फाटलं होतं. पाहणीला सरकारी साहेब येणार अशी दवंडी झाली. तर आईनं अंगण सारवलं. बाबांनी दोन दिस खपून पडलेली भिंत परत रचली, नुसते कोरडे दगड, वरनं माती लिंपली. शेजारनं खुर्ची आणली. पाव्हणा येणार आन त्याला पडकं घर दाखवायचं? आमच्यात न्हाई हो तसं करत. साहेबांनी चहा घेतला. छान ठेवलंय म्हणाले. आन कागदावर लिवलं, घर ठीक."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"पुढल्या पावसात ती भिंत बाबांच्या पायांवर आली. परत शेतात न्हाई गेले कधी. मी दहावीतनं उठले, कथिलाचं काम शिकले. बाबा जाईस्तोवर एकच म्हणायचे, साहेबाची चूक न्हाई, आपुन दाखवलं ते त्यानं लिवलं. आन बघा, हे सगळं भोगून बी, कंपनीची बाई येणार म्हटल्यावर मी काय केलं? बल्ब लावले. तुम्ही आकडा सांगितला तवा वाटलं, आता खरं सांगितलं तर खोटारडी ठरीन. बाबांसारखीच बसले मुकाट."

"चूक त्या साहेबांचीच होती," मी म्हटलं. "आणि इथे माझी. मोजायला आलेल्या माणसाने चहा पिऊन जायचं नसतं, विमलताई. भिंतीला हात लावून बघायचा असतो. ते त्याचं काम. तुमच्या बाबांची काही चूक नव्हती."

आत बायका पेढे कुणी आणायचे यावरून भांडत होत्या. विमलताईंनी पदराने तोंड पुसलं, आणि पुसतच राहिल्या.

"हे त्यांना कुणीतरी सांगाया पाहिजे होतं, ताई," त्या म्हणाल्या.